समाजवाद, भांडवलशाही आणि बाबासाहेबांची कसोटी

१. प्रश्न कशासाठी?

समाजाच्या आर्थिक प्रगतीचा मार्ग कोणता, हा विषय निघाला की आपल्या समाजात दोन उत्तरे हमखास ऐकू येतात. पहिले उत्तर असे की, बाबासाहेब समाजवादी होते. कारखाने, शेतजमीन, विमा हे सारे शासनाच्या मालकीचे व्हावे असे त्यांनी लिहून ठेवले आहे. तेव्हा खासगीकरणाला विरोध करणे हे आंबेडकरवाद्याचे कर्तव्य होय. दुसरे उत्तर असे की, बाबासाहेब कम्युनिस्टांचे कठोर टीकाकार होते, कोलंबिया आणि लंडन येथे अर्थशास्त्र शिकलेले होते. तेव्हा आपल्या मुलांनी नोकरी मागत बसण्यापेक्षा नोकरी देणारे व्हावे, यातच मुक्ती आहे. दोन्ही बाजूंचे लोक बाबासाहेबांच्याच ग्रंथांची पाने उघडून दाखवतात, आणि दोन्ही पाने खरी असतात.

आम्ही भाईंदर पूर्वेस केबिन रोडवर राहतो. येथे हा वाद केवळ ग्रंथालयातला राहत नाही. स्टीलची भांडी घडवणाऱ्या गाळ्यात पॉलिशच्या मशीनवर दिवसभर उभा राहणारा तरुण, पहाटेची लोकल पकडून कंत्राटी सफाईकामास जाणारी भगिनी, बँकेतून निवृत्त होऊन निवृत्तिवेतनावर सुखाने जगणारे गृहस्थ आणि कर्ज काढून स्वतःचा गाळा घेऊ पाहणारा पदवीधर, हे सारे याच परिसरात भेटतात. आपल्या निवासी विद्यालयातून बाहेर पडलेले विद्यार्थीही याच चार वाटांवर विखुरलेले आहेत. या चौघांना बाबासाहेबांचा अर्थविचार निरनिराळा सांगायचा की एकच, हा खरा प्रश्न आहे.

आमचे प्रतिपादन थोडक्यात असे : बाबासाहेबांनी कोणताही वाद पोथीप्रमाणे स्वीकारला नाही आणि कोणताही वाद न तपासता टाकूनही दिला नाही. प्रत्येक व्यवस्थेला त्यांनी तीन प्रश्न विचारले. या व्यवस्थेला जात दिसते काय? भुकेल्या माणसाचे स्वातंत्र्य या व्यवस्थेत सुरक्षित आहे काय? आणि ही व्यवस्था आणण्याचा मार्ग संमतीचा आहे की सक्तीचा? हे तीन प्रश्न त्यांच्या मनात कोणत्या अनुभवांतून उभे राहिले, ते क्रमाने पाहू.

२. गिरणीतील धोटा : पहिला प्रश्न

इसवी सन १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या कापडगिरण्यांत प्रचंड संप झाला. सुमारे दीड लाख कामगार त्यात उतरले. याच संपात कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखालील गिरणी कामगार युनियनचा उदय झाला. संपात अस्पृश्य कामगारही होते. त्यांच्या चुलीही सहा महिने थंड पडल्या. परंतु या कामगारांची एक तक्रार अशी होती की, जी मालकांविरुद्धच्या मागण्यांच्या यादीत कोणी लिहिली नव्हती.

गिरणीत अस्पृश्यांना कताईच्या खात्यांत काम मिळे. विणकामाच्या खात्यात, म्हणजे साचाखात्यात, त्यांना प्रवेश नसे. अधिक मजुरी मात्र साचाखात्यातच होती. या बंदीचे कारण विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावे. मागावर कांडी बदलताना विणकराला धोट्याच्या छिद्राला तोंड लावून धागा ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा आपल्या तोंडी लावावा लागेल, या भीतीने सवर्ण कामगार त्यांना त्या खात्यात येऊ देत नसत. जागतिक बाजारासाठी चालणारे यंत्र आधुनिक होते. त्या यंत्राजवळ कोणी उभे राहावे हे मात्र गावगाडाच ठरवत होता.

बाबासाहेबांनी संपाच्या नेत्यांना स्पष्ट कळवले की, साचाखात्यातील प्रवेशाची मागणी तुमच्या मागण्यांत घातली नाही, तर अस्पृश्य कामगारांना संपात राहा असे आम्ही सांगणार नाही. तेव्हा नाखुशीने का होईना, ती मागणी घालण्यात आली. मालकांपुढे ती गेली तेव्हा त्यांचे उत्तर मार्मिक होते : हा अन्याय असेल तर त्याची जबाबदारी आमच्यावर नाही. भांडवलदाराला कोणत्या जातीचा हात माग चालवतो याच्याशी कर्तव्य नव्हते. बंदी घातली होती ती कामगाराने कामगारावर. पुढे १९२९ च्या संपाला बाबासाहेबांनी विरोध केला. त्या विरोधाची चर्चा करताना ही धोट्याची पार्श्वभूमी विसरली जाते, म्हणून तिचा येथे सविस्तर उल्लेख केला.

या अनुभवाचे तात्त्विक रूप आपल्याला १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या जातिनिर्मूलनविषयक प्रबंधात दिसते. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने ते अध्यक्षीय भाषण रद्द केले, म्हणून बाबासाहेबांनी ते स्वतः छापले. त्यात समाजवाद्यांना उद्देशून त्यांनी जो युक्तिवाद केला त्याचा आशय असा : आर्थिक क्रांतीसाठी गरिबांनी एकत्र यावे लागते, पण क्रांतीनंतर आपल्याला जातीवरून वेगळे वागवले जाणार नाही, असा विश्वास असल्याखेरीज माणसे एकत्र येत नाहीत. जातिव्यवस्था केवळ कामाची वाटणी करून थांबत नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी करते आणि त्यांना पायऱ्यांवर उभे करते. म्हणून ज्या समाजवादाला जात दिसत नाही, त्याला त्याचा कामगारवर्गही कधी सापडणार नाही.

३. चरी ते मनमाड : दोन शत्रू

येथवर वाचून कोणी असा निष्कर्ष काढील की, बाबासाहेब कामगार चळवळीचे विरोधक होते. पुढील दहा वर्षांचा इतिहास या निष्कर्षाचे पूर्ण खंडन करतो.

ऑगस्ट १९३६ मध्ये बाबासाहेबांनी जो पक्ष काढला त्याचे नावच स्वतंत्र मजूर पक्ष असे होते. १९३७ च्या निवडणुकीत मुंबई प्रांताच्या विधानसभेवर त्याचे १४ उमेदवार निवडून आले. पक्षाने हाती घेतलेला पहिला मोठा प्रश्न होता खोतीचा. खोत म्हणजे सरकार आणि कूळ यांच्यामधला सारा गोळा करणारा मध्यस्थ. रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांत तो प्रत्यक्षात गावाचा धनी होऊन बसला होता. पिकाचा मोठा वाटा, वर वेठ आणि निरनिराळ्या बाबी अशा रीतीने तो कुळाला पिळत असे. अलिबाग तालुक्यातील चरी आणि आसपासच्या गावांत नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली आगरी आणि इतर कुळांनी १९३३ पासून जमीन न कसण्याचा संप पुकारला, तो सुमारे सहा वर्षे चालला. बाबासाहेब या संपाच्या पाठीशी उभे राहिले. हे शेतकरी बहुसंख्येने अस्पृश्य नव्हते, याकडे विद्यार्थ्यांनी लक्ष द्यावे.

आमच्या मीरा-भाईंदरच्या जुन्या रहिवाशांना हा विषय परका वाटणार नाही. येथील आगरी कुटुंबांनी भात पिकवले आणि मिठागरांवर घाम गाळला. येथील जमिनींवर ब्रिटिश सरकारने १८७० साली एका धनिकाला ९९९ वर्षांचा पट्टा दिला होता. खाऱ्या पाण्यापासून शेते राखणारे बांध घालायचे आणि मोबदल्यात शेतकऱ्यांच्या पिकातील वाटा घ्यायचा, असे त्याचे स्वरूप होते. पुढे तो हक्क एका खासगी कंपनीकडे गेला, आणि त्यावरचा वाद शेते जाऊन इमारती उभ्या राहिल्यावर, एकविसाव्या शतकातही शासनदरबारी चालू राहिला. जमिनीचा प्रश्न कागदावर एकदा चुकीचा लिहिला गेला की तो किती पिढ्यांचा पाठलाग करतो, याचे हे घरचे उदाहरण आहे.

१७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी विधानसभेत खोती नष्ट करणारे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातून आणि इतर भागांतून आलेल्या सुमारे वीस हजार शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधानसभेवर गेला. या मोर्चात कम्युनिस्ट नेतेही सामील होते. विधेयक त्या वेळी संमत झाले नाही. खोती नष्ट करणारा कायदा १९४९ साली झाला. पण स्पृश्य कूळ आणि अस्पृश्य शेतमजूर एका मागणीसाठी एका रस्त्यावर चालले, ही घटना गिरणीतील धोट्याच्या नेमकी उलट होती.

त्यानंतर महिन्याभरात, १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी, मनमाड येथे जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. बाबासाहेबांनी तेथे सांगितले की, या देशातील कामगारांना दोन शत्रूंशी लढावयाचे आहे : ब्राह्मण्य आणि भांडवलशाही. ब्राह्मण्य म्हणजे एका जातीची सत्ता असा अर्थ आपल्याला अभिप्रेत नाही. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांचा नकार म्हणजे ब्राह्मण्य, आणि ते सर्व जातींत शिरले आहे, असेही त्यांनी स्पष्ट केले. उदाहरण त्यांनी रेल्वेचेच घेतले. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून भरती होतो आणि गँगमन म्हणूनच आयुष्य काढतो. त्याला पोर्टर केले जात नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामेही करावी लागतात आणि अस्पृश्य माणूस घरात चालत नाही. रेल्वे सरकारी असो की कंपनीची, रुळावरचा माणूस रुळावरच राहतो. ही गोष्ट केवळ मालकी बदलून सुटणारी नव्हती.

त्याच वर्षी काँग्रेस मंत्रिमंडळाने औद्योगिक कलहाचे विधेयक आणले. त्यात संपाच्या हक्कावर कडक बंधने होती. बाबासाहेबांनी विधानसभेत त्यावर प्रखर टीका केली. माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध काम करायला लावणे म्हणजे त्याला गुलाम करणे होय, असा त्यांचा मुद्दा होता. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. नऊ वर्षांपूर्वी ज्यांच्या संपाला विरोध केला, त्यांच्याच खांद्याला खांदा लावून बाबासाहेब उभे राहिले. यात विसंगती शोधणाऱ्यांना कसोटी कोणती होती हे कळलेले नसते. माणसे बदलली नव्हती. प्रश्न बदलला होता.

४. भुकेल्याचे स्वातंत्र्य : दुसरा प्रश्न

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. सेवायोजन कार्यालये, शासन-मालक-कामगार यांच्या त्रिपक्षीय परिषदा आणि कारखान्यात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा ही त्या काळाची देणगी होय. या अनुभवानंतर, मार्च १९४७ मध्ये, शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने त्यांनी संविधान सभेसाठी जे निवेदन तयार केले ते 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या नावाने ओळखले जाते. आपल्या समाजात या ग्रंथाचे नाव पुष्कळ घेतले जाते, वाचन त्या मानाने कमी होते. म्हणून त्यातील आर्थिक योजना थोडी सविस्तर सांगतो.

मूलभूत महत्त्वाचे उद्योग शासनाच्या मालकीचे असावेत आणि शासनानेच चालवावेत. विमा ही शासनाची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाने आपल्या मिळकतीच्या मानाने विमा उतरवणे सक्तीचे असावे. शेती हा शासकीय उद्योग व्हावा. शासनाने जमीन ताब्यात घ्यावी, पण फुकट घेऊ नये. मालकाला कर्जरोख्यांच्या रूपाने मोबदला द्यावा. त्या जमिनीची ठरावीक आकाराची शेते पाडून ती गावकऱ्यांच्या गटांना जात-धर्म न पाहता कसायला द्यावीत. पाणी, जनावरे, अवजारे, खत आणि बियाणे यांसाठी शासनाने भांडवल पुरवावे. गावात जमीनदार नसावा, कूळ नसावे आणि भूमिहीन मजूरही नसावा. हे सारे दहा वर्षांच्या आत अमलात यावे.

यातील शेतीविषयक भागाचे मूळ फार जुने आहे. १९१८ साली भारतातील लहान शेतांविषयी लिहिलेल्या निबंधात बाबासाहेबांनी दाखवले होते की, शेताचा तुकडा लहान आहे हे खरे दुखणे नव्हे. त्या तुकड्यावर लावायला भांडवल नाही आणि शेतीवर विसंबलेले हात गरजेपेक्षा जास्त आहेत, हे दुखणे आहे. त्यावर उपाय औद्योगिकीकरण. तीस वर्षांनी ते म्हणाले की, तुकडेजोड किंवा कूळकायदा यांनी अस्पृश्यांचे भले होणार नाही, कारण त्यांच्यापैकी बहुसंख्यांजवळ जोडायला तुकडाही नाही आणि कसायला कुळाचा हक्कही नाही.

या योजनेच्या मुळाशी जो विचार आहे तो आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो. भांडवलशाहीचे समर्थक म्हणतात की, शासनाने आर्थिक व्यवहारातून हात काढून घेतला की व्यक्तीला स्वातंत्र्य मिळते. बाबासाहेबांनी विचारले : कोणाला? ज्याच्याजवळ उद्याची भाकर नाही, तो माणूस नोकरी मिळावी म्हणून संघटनेचा हक्क सोडतो, बोलण्याचा हक्क सोडतो, कामाचे तास मोजण्याचाही हक्क सोडतो. शासनाचा अंमल जेथे संपतो तेथे मोकळे रान सुरू होत नाही; तेथे खासगी मालकाचा अंमल सुरू होतो. संविधानाने दिलेले मूलभूत हक्क रिकाम्या पोटामुळे गहाण पडत असतील, तर पोटाची तजवीज हाही संविधानाचाच विषय आहे.

परंतु याच ठिकाणी त्यांनी समाजवाद्यांनाही एक अट घातली. ही व्यवस्था हुकूमशाहीने आणायची नाही, आणि आज आलेल्या बहुमताने आणून उद्याच्या बहुमताने मोडायची, अशीही ठेवायची नाही. ती संविधानातच लिहायची, आणि संसदीय लोकशाही शाबूत ठेवायची. गरिबाची सुरक्षितता मालकाच्या मर्जीवर नको, तशीच ती एखाद्या पक्षाच्या मर्जीवरही नको.

मग संविधानात ही योजना का आली नाही? ऑगस्ट १९४७ च्या अखेरीपासून बाबासाहेब मसुदा समितीचे अध्यक्ष होते. पण संविधान सभेत त्यांच्या पक्षाचे बळ नव्हते. १५ नोव्हेंबर १९४८ रोजी प्रा. के. टी. शहा यांनी संविधानात समाजवादी हा शब्द घालण्याची दुरुस्ती मांडली, तेव्हा बाबासाहेबांनीच तिला विरोध केला. आपली समाजरचना कशी असावी हे ठरवण्याचा अधिकार पुढील पिढ्यांचा आहे, तो आजच बांधून टाकू नये, आणि साधनसंपत्तीच्या न्याय्य वाटपाचे तत्त्व मार्गदर्शक तत्त्वांत आलेलेच आहे, अशी दोन कारणे त्यांनी दिली. समाजवादी हा शब्द उद्देशिकेत १९७६ साली ४२ व्या घटनादुरुस्तीने आला.

१९४७ चे निवेदन आणि १९४८ चे भाषण यांत ताण आहे, तो झाकण्याचे कारण नाही. आमच्या मते त्याचा अर्थ असा : शब्दापेक्षा तरतूद महत्त्वाची. तरतुदीचे कलम संविधानात यावे म्हणून त्यांनी निवेदन लिहिले; तरतुदीवाचूनचा शब्द त्यांना नको होता. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी बजावले की, राजकारणात प्रत्येकाच्या मताला सारखे मूल्य आणि सामाजिक-आर्थिक जीवनात मात्र विषमता, ही विसंगती फार काळ टिकली तर विषमता सोसणारे लोक ही लोकशाहीच उद्ध्वस्त करतील. आणि १९५१ च्या निवडणुकीसाठी फेडरेशनच्या जाहीरनाम्यात त्यांनी लिहिले की, पक्ष कोणत्याही वादाला बांधलेला नाही. जेथे उद्योग शासनाने चालवणे शक्य आणि आवश्यक असेल तेथे शासनाने चालवावा, इतरत्र खासगी उद्योगाला वाव असावा. विम्याचे राष्ट्रीयीकरण मात्र याही जाहीरनाम्यात कायम होते. १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ सुरू झाले, ते बाबासाहेबांच्या हयातीत.

५. काठमांडूचे भाषण : तिसरा प्रश्न

२० नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडू येथे जागतिक बौद्ध परिषदेत बाबासाहेबांनी बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर भाषण केले. त्यानंतर सोळा दिवसांनी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. ज्या प्रश्नावर त्यांनी अखेरपर्यंत विचार केला, तो हाच.

मार्क्सची पुष्कळशी भाकिते काळाने खोटी ठरवली, असे त्यांनी मांडले. तरी मार्क्सचा जो भाग शिल्लक उरतो तो थोडा असला तरी महत्त्वाचा आहे, हेही प्रांजळपणे मान्य केले : जग बदलणे हे तत्त्वज्ञानाचे काम आहे, वर्गावर्गांत हितविरोध आहे, खासगी मालमत्ता एका वर्गाला सत्ता आणि दुसऱ्याला दुःख देते, आणि हे दुःख नष्ट केले पाहिजे. हे चारही मुद्दे बुद्धाच्या शिकवणीत आहेत. भिक्खूला बाळगता येणाऱ्या वस्तू आठच : तीन चीवरे, कमरपट्टा, भिक्षापात्र, वस्तरा, सुई आणि पाणी गाळण्याचे फडके. मालमत्तेचा इतका कठोर त्याग कोणत्याही साम्यवादी राज्याने आपल्या अधिकाऱ्यांवर लादला नाही. आणि संघात तो स्वेच्छेने होता.

भेद उरतो तो साधनांचा. मार्क्सवाद्यांचे साधन हिंसा आणि एका वर्गाची हुकूमशाही. बुद्धाचे साधन माणसाचे मन बदलणे, म्हणजे पंचशील, अष्टांगिक मार्ग आणि पारमिता. सक्तीने आणलेली व्यवस्था सक्ती संपताच कोसळेल, ही बाबासाहेबांची शंका होती. रशियात १९२९ नंतर शेतीचे सामूहिकीकरण बळाने झाले, १९३२-३३ च्या दुष्काळात लाखो माणसे मेली, आणि १९९१ साली ते राज्यच विसर्जित झाले. बाबासाहेबांनी सामुदायिक शेती सुचवताना रोखे आणि मोबदला यांची तरतूद का केली, हे यावरून ध्यानी येते.

मात्र बुद्धाचा मार्ग म्हणजे गरिबाने गरिबीत समाधान मानावे, असा अर्थ कोणी घेऊ नये. दीघनिकायातील कूटदन्त सुत्तात राज्यात चोऱ्या आणि दरोडे वाढल्यावर राजाला जो सल्ला दिला आहे तो आपल्या मुलांनी अवश्य वाचावा. शिक्षा वाढवून चोरी थांबणार नाही. शेती करणाऱ्यांना बियाणे आणि चारा द्या, व्यापार करणाऱ्यांना भांडवल द्या, राज्याच्या सेवकांना अन्न आणि वेतन द्या, असे तेथे सांगितले आहे. शेतकरी, व्यापारी आणि नोकरदार या तिघांनाही त्यात जागा आहे. तसेच अनाथपिंडिकाला उपदेश करताना भगवंतांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली : न्यायाने मिळवलेली संपत्ती असणे, तिचा उपभोग व दान करता येणे, कर्ज नसणे आणि आचरण निर्दोष असणे. संपत्ती निषिद्ध नाही. ती कशी मिळवली हा प्रश्न आहे.

६. बाबासाहेबांनंतरचे वाद

ही तिन्ही सूत्रे एकत्र धरण्याऐवजी पुढील पिढ्यांनी एकेक सूत्र ओढले, म्हणून चळवळ फाटत गेली. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले. लाखो माणसे तुरुंगात गेली. पक्षातील सुशिक्षित गटाला मात्र यात कम्युनिस्टांची छाया दिसली, आणि बॅ. बी. सी. कांबळे यांचा गट संवैधानिक मार्गाचा आग्रह धरून वेगळा झाला. १९७२ साली दलित पँथर उभी राहिली. १९७४ साली तिच्यात राजा ढाले आणि नामदेव ढसाळ यांचा वाद झाला, तोही बुद्ध की मार्क्स याच प्रश्नावर.

१९९१ च्या नव्या आर्थिक धोरणानंतर वादाची दिशा बदलली. शासकीय नोकऱ्या आक्रसू लागल्या, तेव्हा काही विचारवंतांनी दलित भांडवलदार घडवण्याचा मार्ग पुढे केला. २००५ साली पुण्यात मिलिंद कांबळे यांच्या पुढाकाराने दलित उद्योजकांची डिक्की ही संस्था स्थापन झाली. २०१२ च्या खरेदी धोरणानुसार केंद्रीय खाती आणि उपक्रमांनी आपल्या खरेदीतील ४ टक्के वाटा अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योजकांकडून घ्यावा, असे ठरले. ज्यांना शतकानुशतके द्रव्यसंचय करण्यास धर्मानेच मनाई केली होती, त्यांच्या मुलांनी कारखाना काढणे ही सामाजिक क्रांतीच आहे. तिची टवाळी करणे आम्हांला मान्य नाही.

७. आज कसोटी कशी लावावी?

आता लेखाच्या आरंभी उल्लेखिलेल्या चौघांकडे वळू.

निवृत्त बँक कर्मचाऱ्याचे सुख आकाशातून पडलेले नाही. १९६९ साली १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, शाखा वाढल्या, आणि शासकीय मालकीबरोबर आरक्षण आले. येथे समाजवादी धोरणाला जात दिसली, म्हणून ते आपल्या घरापर्यंत पोहोचले. ज्यांच्या घरी या सुखाचे दिवस आले, त्यांनी शासकीय क्षेत्र कुचकामी आहे असे म्हणण्यापूर्वी आपल्या घराचा इतिहास आठवावा.

सफाई कामगार भगिनीचे काम पालिकेचे आहे, पण ती पालिकेची कर्मचारी नाही. मध्ये कंत्राटदार आहे. खोत गेला, पण मध्यस्थ गेला नाही. मुंबई महानगरपालिकेच्या कचरा वाहतुकीतील कंत्राटी कामगारांना तर कागदोपत्री स्वयंसेवक ठरवण्यात आले होते. त्यांच्या संघटनेने अनेक वर्षे न्यायालयात झुंज दिली आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने सुमारे २,७०० कामगारांना कायम करण्याचा निर्णय उचलून धरला. संघटना, संविधान आणि चिकाटी यांनी मिळवलेला हा विजय पूर्णतः आंबेडकरी मार्गाचा आहे. त्याच वेळी हेही दिसते की, पिढ्यान्‌पिढ्या झाडू एकाच समाजाच्या हाती राहिला. नोकरी कायम झाली तरी पहिला प्रश्न उरतोच.

गाळ्यातील तरुणाला दुसरा प्रश्न लागू आहे. बोट मशीनखाली गेले तर उपचार कोण करील, कामाचे तास कोण मोजील, आणि हे विचारले तर उद्या कामावर घेतील काय? ज्या दिवशी तो न भिता हे विचारू शकेल, त्या दिवशी त्याचा मूलभूत हक्क त्याच्या हाती आला असे समजावे.

आणि गाळा घेऊ पाहणाऱ्या पदवीधराला आमचे सांगणे आहे की, अवश्य घ्यावा. त्याच्या हाती भांडवल नाही, नात्यात व्यापारी नाही, माल उधार देणारा ओळखीचा नाही. म्हणून शासनाच्या कर्जाचा आणि राखीव खरेदीचा लाभ त्याने हक्काने मागावा. परंतु मालक झाल्यावर त्याच्या मशीनवर जो उभा राहील, त्याच्या बाबतीत हेच तीन प्रश्न त्याला विचारले जातील. आपल्या समाजाचा मालक कामगाराला किमान वेतन देत नसेल, तर मनमाडला सांगितलेल्या दोन शत्रूंपैकी एक आपल्या घरात आला, असे म्हणावे लागेल. उद्योजक वाढल्याने समाजाची उंची वाढते. भूमिहीनाला जमीन आणि मजुराला सुरक्षितता मिळाल्याने समाजाचा पाया रुंद होतो. पायाशिवाय उंची धोक्याची असते.

म्हणून आपल्या मुलांना आम्ही अमुक वादाचे अनुयायी व्हा असे शिकवू नये. कोणतीही योजना, कोणताही पक्ष, कोणताही मालक, मग तो आपला असो वा परका, समोर आला की त्याला तीन प्रश्न विचारण्याचे धैर्य आणि अभ्यास त्यांच्यात यावा. तेवढे झाले, तर निवासी विद्यालयाच्या चार भिंतींत शिकलेले शिक्षण कारणी लागले असे आम्ही समजू.

अभ्यासासाठी व चर्चेसाठी

१. साचाखात्यातील बंदीबद्दल मालक आणि कामगार यांपैकी अधिक जबाबदार कोण? आपल्या कामाच्या ठिकाणी अशी न लिहिलेली बंदी आढळते काय?
२. चरीचे शेतकरी बहुसंख्येने अस्पृश्य नसताना बाबासाहेबांनी त्यांना पाठिंबा का दिला असावा?
३. १९४७ चे निवेदन आणि १९५१ चा जाहीरनामा यांत काय बदलले आणि काय कायम राहिले, याची दोन रकान्यांत मांडणी करा.
४. आपल्या कुटुंबातील तीन पिढ्यांनी कोणती कामे केली, ती कोणाच्या मालकीखाली केली आणि काम सुटले तर त्यांना आधार कशाचा होता, हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहून काढा.

नमो बुद्धाय! जय भीम!